बांध घातला, पाणी कोणाचे?

(राळेगणसिद्धीची शिवारफेरी करून आलेल्या कार्यकर्त्याने जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून हा माणूस पाण्याचे आणि गावाचे काय घेऊन बसला, असे काहींच्या मनात आले असेल. भावाचा प्रश्न मी बाजूला ठेवलेला नाही. पण भाव मिळतो तो बंडीत भरलेल्या मालाला. बोंडे भरायच्या वेळी वीस दिवसांची उघाड पडली, जमीन भेगाळली आणि दोन वेच्यांत पऱ्हाटी मोकळी झाली, तर चढा भाव मिळूनही घरात काय येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

म्हणून आम्ही काही जण राळेगणसिद्धीला जाऊन आलो. काय पाहिले ते सांगतो, आणि माझ्या हातून काय चुकले तेही सांगतो.

शहरातले लोक हल्ली म्हणतात, निसर्गाकडे परत चला. त्यांचे ठीक आहे. ते सुट्टीत येतात आणि सोमवारी कामावर जातात. आपण निसर्ग सोडून गेलोच कुठे? मृगाचा पाऊस आठ दिवस लांबला की आपली झोप उडते. पण खरे सांगायचे तर नाते तुटले आहे आणि ते आपल्याच शिवारात तुटले आहे. ज्वारीचा कडबा बैलाच्या दावणीला, दावणीचे शेण उकिरड्यात आणि उकिरड्याचे खत पऱ्हाटीला, असा फेरा होता. ज्वारीचा पेरा घटला, कडबा गेला, बैल बाजारात गेले, खत सरले. २००२ साली बीटी बियाणे आले. पहिली काही वर्षे फवारण्या कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. २०१७ साली तिने काय केले ते तुम्हाला सांगायला नको. आणि सावड? पूर्वी शेजाऱ्याची जोडी आपल्या वावरात आणि आपली त्याच्या वावरात चालायची. आता धुऱ्यावर भेट होते ती भांडायलाच.

जुना काळ सोन्याचा होता असे मी म्हणत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडून सुकडी खाल्ली, ते तसे म्हणणार नाहीत. मागे जायचे नाही. पण तुटले ते कुठे आणि जोडता कसे येईल, हे पाहायला हवे.

राळेगणचे काय झाले?

राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पाऊस वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर. आपल्या कापसाच्या पट्ट्यात ७०० ते ९०० पडतो. म्हणजे पाऊस कमी म्हणून रडायचे असेल, तर पहिला हक्क त्यांचा. १९७५ च्या आधी त्या गावात धान्य पुरत नव्हते, पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नव्हते आणि दारूच्या भट्ट्या मात्र जोरात होत्या. गावातल्या यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा भट्टीच्या जाळात गेले.

१९७५ साली अण्णा हजारे लष्करातली वाहनचालकाची नोकरी संपवून गावात आले. त्यांनी आधी पाण्याला हात घातला नाही. फंडाच्या पैशातून देऊळ दुरुस्त केले. देवभक्ती हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला त्यातले एवढेच घ्यावेसे वाटते की चार माणसे एकत्र बसतील अशी एक जागा आधी तयार झाली. मग गावचा पाझर तलाव हाती घेतला. तलाव आधीचाच होता, पण गळका. गावाने श्रमदान करून तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले. लोकांचा विश्वास बसला तो भाषणाने नव्हे, विहिरीत डोकावून.

त्यानंतर काम माथ्यापासून पायथ्याकडे गेले. टेकडीवर गवत, झाडे आणि समतल चर, खाली नालाबांध, त्याखाली तलाव. हा क्रम उलटा केला तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच बांध गाळाने भरतो. आपल्याकडे किती बांध असे भरले ते मोजा.

एक हिशेब तोंडपाठ करून ठेवा. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४,००० लिटर पाणी पडते. ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी २८ लाख लिटर. एवढे पाणी दरवर्षी आपल्या दारात येते आणि त्यातला मोठा भाग आपली माती घेऊन नदीला जातो.

नक्कल नको

पण उद्या जाऊन राळेगणसारखेच सगळे करू नका. तिथली जमीन बरीचशी हलकी, मुरमाड. पाणी लवकर मुरते. आपली काळी जमीन पाणी हळू पिते, पावसात फुगते आणि उन्हात फाटते. चुकीच्या जागी बांध घातला तर पाणी तुंबून पीक पिवळे पडते किंवा बांधच फुटतो. आपल्याला आधी वावरातले पाणी वावरात मुरवायचे आहे. उताराला आडवी पेरणी आणि आडवी डवरणी करा. कपाशीच्या काही ओळींनंतर एक सरी काढा. कमी पावसात ती पाणी धरते आणि जास्त झाले तर वाट देते. रब्बी ज्वारीसाठी पावसाळ्यातच वावरात चौकोनी बंदिस्त वाफे करून ओल साठवावी, ही सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राची जुनी शिफारस आहे. याला ना मोठी योजना लागते ना कुणाची सही.

सोपे काम ते एवढेच. अवघड पुढे आहे.

पहिली मोटार माझी

आमच्या गावच्या नाल्यावर सरकारी योजनेतून सिमेंटचा बांध झाला. पहिल्याच वर्षी पाणी अडले. सगळे खूश. आश्विनात पऱ्हाटीला ताण बसू लागला, तेव्हा मी बांधाला मोटार लावली. पहिली मोटार माझी. मी विचार केला, पाणी डोळ्यांसमोर आहे आणि पीक वाळते आहे; पाप काय त्यात? माझे बघून दुसऱ्याने लावली, मग तिसऱ्याने. माघ लागला तेव्हा बांधात चिखल होता. खालच्या आळीतल्या एका काकूंची विहीर आटली. त्यांची एक म्हैस होती, ती चारा-पाण्यावाचून विकावी लागली. काकू मला एवढेच म्हणाल्या, "बाबू, बांध झाला तेव्हा नारळ फोडायला आम्हालाही बोलावलं होतंस ना?"

भावांनो, मी आठ वर्षे आंदोलनात आहे. सरकारने आपल्याला लुटले असे मी शंभर सभांतून सांगितले. पण त्या दिवशी सांगण्यासारखे काही उरले नाही. त्या विहिरीचे पाणी सरकारने नेले नव्हते.

राळेगणात बांधापेक्षा मोठी गोष्ट पाहिली असेल तर ती ही. गावाने शब्द दिला. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान, ही त्यांची पंचसूत्री. जनावरे मोकाट सोडायची नाहीत, गवत कापून दावणीला न्यायचे. उसासारखे पाणी पिणारे पीक टाळायचे. अडल्यानडल्यासाठी धान्य बँक: ज्याच्याकडे आहे त्याने जमा करायचे, ज्याला गरज आहे त्याने न्यायचे आणि सुगीला परत करायचे. बांध ठेकेदारही बांधून देतो. हा शब्द गावालाच द्यावा लागतो.

यातली एक अडचण स्पष्ट बोलू. चराईबंदी केली की नुकसान कुणाचे? ज्याला वीस एकर आहे त्याचे नाही. ज्याला जमीन नाही आणि चार शेळ्यांवर घर चालते, त्याचे. पाणी वाढले की फायदा विहीरवाल्याचा आणि त्याग शेळीवाल्याचा, असा सौदा टिकत नाही आणि टिकूही नये.

याचे उत्तर पुरंदर तालुक्यात नायगावला शोधले गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंके या इंजिनिअर माणसाने तिथे पाणी पंचायत उभी केली. त्यांचा नियम साधा होता: पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचे नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारने पुढची पायरी गाठली. पोपटराव पवारांच्या त्या गावात पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी प्यायचे पाणी, मग जनावरांचे, मग पिकाचे. किती उरते ते पाहून काय पेरायचे ते ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा गावाचा नियम.

आणि राळेगणची एक गोष्ट घ्यायची नाही. तिथे दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले गेले. दारूने घर बुडालेली बहीण म्हणेल, बरे झाले. मी तिला दोष देणार नाही. पण जो नियम माराच्या भीतीने पाळला जातो, तो मारणारा हात थकला की संपतो. शिवाय तो मार नेहमी गरिबाच्याच पाठीवर पडतो. नियम ग्रामसभेत ठरावा, वहीत लिहावा, आणि पुढाऱ्याला अन् गड्याला सारखाच लागू असावा.

पुढच्या बैठकीपर्यंत

चार कामे सांगतो. एक, प्रत्येक गावात एक पर्जन्यमापक लावा आणि रोजचा पाऊस शाळेच्या किंवा पंचायतीच्या फळ्यावर लिहा. दोन, शिवारातल्या विहिरींची पाणीपातळी दिवाळीला आणि होळीला मोजा. तीन, येत्या हंगामात निदान एक एकर आडवी पेरा आणि शेजारच्या उभ्या पेऱ्याशी ताडून पाहा. चार, ग्रामसभेत एकच प्रश्न मांडा: आपल्या बांधाचे पाणी कोणाचे? उत्तर देताना भूमिहीन माणूस आणि बाया हजर असल्या पाहिजेत.

कुणी म्हणेल, हे सगळे आपणच करायचे, मग सरकारला मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. घामाचे दाम मागायला आपण रस्त्यावर येणारच. पण सरकारकडे न्याय मागणाऱ्याने शेजाऱ्याला न्याय दिला आहे की नाही, हे आधी तपासावे. एकमेकांचे पाणी पळवणारी माणसे रस्त्यावर एका रांगेत फार वेळ बसत नाहीत, हेही आपण पाहिले आहे.

माझ्यापुरते सांगतो. बांधावरची मोटार मी काढली आहे. इतर दोघांनी अजून काढलेली नाही, आणि पहिली मोटार माझीच होती म्हणून त्यांना सांगायला मला तोंड नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय मीच मांडणार आहे. आधी माझी चूक सांगेन, मग नियमाचे बोलेन. काकूंनाही बोलावले आहे. त्या येतो म्हणाल्या आहेत.

जय जवान, जय किसान.