घोंगडीचा उत्पादनखर्च कोण काढणार?

(उर्से, ता. मावळ येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



हातमाग जगला पाहिजे असे सगळेच म्हणतात. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिवसही झाला. भाताच्या भावावर बोलायला जमलेल्या बैठकीत हा विषय कशाला, असे कुणी विचारील. हा प्रश्नही भावाचाच आहे, म्हणून.

मावळातल्या माणसाला हातमाग समजायला घोंगडी पुरे. आवणीच्या पावसात डोक्यावर इरले, नाहीतर घोंगडीची खोळ, हे इथल्या जुन्या माणसांनी वापरले आहे. आता प्लॅस्टिकचा कागद आला. त्याबद्दल तक्रार नाही; स्वस्त आणि हलके ते माणूस घेणारच.

पण घोंगडी होते कशी ते पाहा. मेंढरे वर्षातून दोनदा कातरायची. लोकर निवडायची, पिंजायची, बायांनी कातायची. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो वाळवायचा. मग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून सणगर मागावर बसणार. एका घोंगडीत घरातल्या सगळ्यांचे दिवस जातात आणि बाईच्या कताईचा दिवस तर हिशेबातच धरला जात नाही. आपल्या घरातल्या लक्ष्मीच्या निंदणीचाही कुठे धरला जातो? आणि आपण गिऱ्हाईक म्हणून काय म्हणतो? ‘पानिपतचे ब्लँकेट याच्या निम्म्यात येते.’ ते बरेचदा जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून काढलेल्या सुताचे असते, हे कुणी बघत नाही. व्यापारी आपल्या इंद्रायणी तांदळापुढे उभा राहून हीच भाषा बोलतो, तेव्हा मात्र आपले डोके फिरते.

सरकारने काही केले नाही असे नाही. १९८५ साली हातमागासाठी माल राखून ठेवण्याचा कायदा झाला. आधी २२ प्रकार होते, १९९६ साली ११ उरले. त्या ११ मध्ये कांबळी आहे! म्हणजे कागदावर घोंगडी सुरक्षित. इकडे धनगर लोकर टाकून देतो, कारण कातरणाऱ्याची मजुरीही तिच्यातून सुटत नाही. लोकरीला भाव नाही म्हणून त्याने मटणाकडे लक्ष वळवले, कमी लोकरीच्या माडग्याळ मेंढ्याशी दख्खनी मेंढीचा संकर केला. त्याचे काय चुकले? पण उद्या घोंगडीला गिऱ्हाईक आले तरी लोकर कुठून आणणार? २०२० साली केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळ गुंडाळले. खड्ड्यातल्या सणगराला ते होते हे तरी माहीत होते का?

या बाबतीत गांधीजींचा हिशेब चोख होता. १९३५ साली त्यांनी चरखा संघापुढे आग्रह धरला, की कातणारीला आठ तासांच्या कामाची पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. खप बुडेल म्हणून कार्यकर्ते घाबरले. आज शेतीमालाचा भाव वाढवा म्हटले की शहरातले अर्थतज्ज्ञ घाबरतात, तसेच.

येवल्याकडे पाहा. पैठणीचा माग तिथे चालू आहे तो कुणाच्या दयेने नव्हे. लग्नात अस्सल पैठणी हवी म्हणणारे गिऱ्हाईक विणकराच्या आठवड्यांचे, महिन्यांचे पैसे मोजते. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे भांडण आहे ते यंत्रमागाची नक्कल हातमागाची म्हणून विकणाऱ्याशी. यंत्रमागाने खुशाल विणावे, पण नाव खोटे लावू नये.

म्हणून विणकरांना अनुदान द्या, असा ठराव मी मांडणार नाही. सूट रिबेट म्हणून दुकानात वाटली जाते, मागापर्यंत काय पोचते ते तुम्हाला खताच्या अनुदानावरून ठाऊक आहे. मागणी करायचीच तर खोट्या मालावर कारवाईची करा.

आणि एक काम आपले. यंदा रानात मेंढरे बसतील तेव्हा धनगराकडे लोकरीची चौकशी करा. कातरणी, पिंजणी, कताई, विणाई, दिवस किती, हात किती, सगळे लिहून घ्या. बाईचा दिवस वगळू नका. पुढच्या जिल्हा बैठकीत भाताच्या उत्पादनखर्चाशेजारी घोंगडीचा खर्च फळ्यावर मांडू. मग ज्याला घ्यायची असेल त्याने त्या भावाने आपले नाव नोंदवावे. पहिले माझे लिहा.