आजीचे गाठोडे

(आदिवासी पाड्यांसाठी मदत करणाऱ्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



गेल्या जानेवारीत मी आणि माझा एक मित्र मोटारसायकलवरून मोखाड्याला गेलो. मित्र आपल्याच धर्मग्रामातला, नव्या इमारतींत नळजोडणीची कामे घेणारा. "तुम्ही तिकडे नक्की करता तरी काय, एकदा बघू दे," असे तो वर्षभर म्हणत होता. पहाटे पाचला वसई सोडली. हायवेने मनोर, मग विक्रमगड, जव्हार आणि पुढे मोखाडा. जायचेच शंभराहून अधिक किलोमीटर. विक्रमगडला चहा घेताना मी म्हटले, "आपल्या वसई-विरारच्या पाण्याचा मोठा वाटा सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणातून येतो. ते धरण याच तालुक्यात." तो म्हणाला, "रोज नळ जोडतो, पण हे कधी विचारले नव्हते."

जव्हारच्या पुढे वळणावळणाचा रस्ता आणि बोटे बधिर करणारी थंडी. शेवटचा तुकडा कच्चा. तो पहिल्या गिअरमध्ये गाडी चढवत होता, मी मागून चालत होतो.

पाड्यावर निम्म्या झोपड्यांची दारे तारेने बांधलेली. भातकापणी झाली की तिथे काम उरत नाही. दिवाळीनंतर माणसे वसई, विरार, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मागे म्हातारी माणसे आणि काही लहान मुले राहतात.

एका आजीने आम्हाला नागलीची भाकर आणि उडदाचे वरण वाढले. मित्र विरारला काम करतो हे कळताच ती आत गेली आणि एक गाठोडे घेऊन आली. नागलीचे पीठ आणि उडीद. "माझी लेक विरारला गेली. पोटुशी आहे. एवढे तिला द्या."

"कुठे राहते?"

"मोठी बिल्डिंग बांधतात, तिथे."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. नाही म्हणवेना.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. त्यानंतर बरेच झाले. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. पण ती बाई कामासाठी खाली आपल्याकडे आली, की तिचे नाव गावच्या यादीत राहते आणि ती इथे उपाशी असते.

परतताना गाडी पंक्चर झाली. घरी पोहोचायला रात्रीचे दहा वाजले. खरे सांगतो, विरारमध्ये ही मुलगी सापडणे अशक्य, असे मी मनात ठरवून टाकले होते. मित्राने ठरवले नाही. तो रोज सकाळी मजुरांच्या नाक्यावर पाड्याचे नाव घेऊन विचारत राहिला.

बाराव्या दिवशी ती सापडली. मी रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जातो, त्याच रस्त्यावरच्या बांधकामाच्या मागे, पत्र्याच्या खोलीत. सातवा महिना. गाव सोडल्यापासून एकदाही तपासणी नाही. गाठोडे पाहून ती आधी हसली, मग रडली. तिला सरकारी आरोग्य केंद्रात नेले. रक्त फार कमी होते. नाव नोंदवले, गोळ्या सुरू झाल्या. मार्चमध्ये तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

माझा शेजारी कोण, या प्रश्नावर प्रभू येशूने एका रस्त्याची गोष्ट सांगितली. त्या रस्त्याने याजक गेला, लेवी गेला. दोघेही जखमी माणसाला पाहून पलीकडच्या बाजूने निघून गेले. मी तर पाहिलेही नव्हते. आदिवासींसाठी काम करायला मी रोज तिच्या दारावरून जात होतो.

पाड्यांसाठी तुमची मदत हवीच आहे. ती थांबवू नका. पण या वर्षी आणखी एक मागतो. तुमच्या गल्लीत बांधकाम चालू असेल, तर तिथल्या बायकांना तीन गोष्टी विचारा: गाव कुठले? कोणी गरोदर आहे का? लहान मुले किती? मग आशाताईंना कळवा, किंवा आम्हाला. बाकीचे आपण मिळून करू.

आजीचे फडके धुऊन माझ्या घरी ठेवले आहे. ते परत द्यायला पावसाआधी आम्ही दोघे पुन्हा जाणार आहोत. कोणाला यायचे असेल तर सांगा. पहाटे पाचला निघू.