समूहाच्या आधारे स्मार्ट उत्पादन



कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्या आपणांस परिचित आहेत. तेथे साच्याच्या वाळूत ओलावा थोडा अधिक झाला की कास्टिंगमध्ये वायुछिद्रे पडतात आणि तयार माल पुन्हा भट्टीत जातो. वाळूचा ओलावा, धातूचे तापमान व विजेचा वापर यांची सेन्सरद्वारे सतत नोंद ठेवून दोषाचे मूळ शोधणे, ही स्मार्ट उत्पादनाची पहिली पायरी होय. यंत्रमानव ही फार नंतरची गोष्ट.

परंतु वीस कामगारांच्या कारखान्याने प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ एकट्याने कसे पोसावेत? येथे उद्योगसमूह, म्हणजेच क्लस्टर, उपयोगी पडतो. केंद्र शासनाच्या २००३ मधील औद्योगिक पायाभूत सुविधा उन्नयन योजनेतून चिंचवडचे ऑटो क्लस्टर उभे राहिले. तेथील चाचणी व नमुनानिर्मितीच्या सोयी लघुउद्योजकांना सामाईकपणे वापरता येतात.

माझ्या मते खरी अडचण केवळ पैशाची नाही. शेजारचा कारखानदार आपला स्पर्धकही असतो; नापास मालाचे आकडे त्याच्यासमोर ठेवण्यास मन धजत नाही. म्हणून निदान पाच शेजाऱ्यांनी मिळून एक तज्ज्ञ नेमावा आणि प्रत्येकाचे आकडे त्याच्यापाशीच गुप्त राहतील, असा लेखी करार आधी करावा. सेन्सरची खरेदी त्यानंतर.