तिने दाखवलेले चौघे
(चिंचोळी एमआयडीसीतील कामगार बायकांच्या सभेत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, दुसऱ्या पाळीच्या बायकांना निघायचंय, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पैसे-दागिने गेले, पाच माणसं मारली गेली. आईवर आणि पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. मुलगी गेली, आई वाचली. दोनच दिवसांनी पोलिसांनी तिला सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले. तिने चौघांवर बोट ठेवलं.

त्या चौघांना कुणी हात लावला नाही. पकडले गेले दुसरेच सहा, भटक्या जमातींतले, हातावर पोट असलेले. 2006 साली नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीच दिली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता, हे मागाहून सिद्ध झालं.

खरं सांगते, 2009 चा निकाल वाचून मला बरं वाटलं होतं. बाईला न्याय मिळाला म्हणून. तिने आधी कुणाला ओळखलं होतं, हे मी विचारलंच नाही.

5 मार्च 2019 रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. चौघांचा तपास का केला नाही, म्हणून पोलिसांवर ताशेरे ओढले, कसूरदार अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. सहा जणांना प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले. त्यांची सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. आणि पाच खून? ते त्या निकालानंतर पुन्हा बेवारस झाले.

सोलापूरकरांना हे नवं वाटू नये. इथली सेटलमेंट आठवा. जन्माने गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडलेली माणसं. तो कायदा 1952 साली गेला. पण आजही शेडमधून काही चोरीला गेलं, की पहिली झडती कुणाची होते? आपणही त्याच बाईकडे बघतो ना?

अत्याचार झालेल्या बाईसाठी आपण ‘फाशी द्या’ म्हणून मोर्चे काढतो. मोर्चा जरूर काढू. पण त्याआधी पोलीस ठाण्यात तिच्याशेजारी बसू. तिचा जबाब तिला वाचून दाखवायला लावू. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, ती मागून घेऊ. आणि तिने कुणाला ओळखलं, कुणाला नाही, हे तारीखवार आपल्या वहीत लिहून ठेवू.