दारापर्यंतची वाट

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तीन आठवडे सभेच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. आत कुणी ओळखीचं भेटलं तर? चौथ्या आठवड्यात आत गेले, आणि खरंच भेटले, त्यांच्याच कचेरीतले हेडक्लार्क! तेही त्याच दुखण्यापायी आलेले. बाहेर दोघांनीही ती गोष्ट कधी काढली नाही.

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली. आज महाराष्ट्रातही तिच्या सभा भरतात. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. सभेचा पत्ता ‘एए’च्या हेल्पलाइनवर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारावा. ‘खुल्या सभे’ला घरच्यांनाही बसता येतं. शिवाय त्यांच्यासाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे वेगळे गट आहेत.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद करू नये, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना भेटावं.

त्या गृहस्थांना मी विचारलं, “पहिल्या दिवशी काय बोललात?”

म्हणाले, “काहीच नाही. नुसतं ऐकलं. पण त्या रात्री सरळ घरी गेलो.”