वादळाने सैल केलेली माती



१५ ऑक्टोबर १९८७. शेमिनी असेरेथच्या त्या दिवशी आपण वारा-पावसाची प्रार्थना म्हटली आणि त्याच रात्री, सिम्हाथ तोरा लागल्यावर, दक्षिण इंग्लंडात सुमारे दीड कोटी झाडे कोसळली. (मागावे तेही बेताने!) लंडनच्या क्यू बागेतील १७९८ सालचा टर्नर्स ओक मात्र मुळांसकट उचलला जाऊन पुन्हा जागीच बसला. माळ्यांनी टेकू दिले, पण आशा सोडली होती. काही वर्षांत तो पूर्वीपेक्षा तरारला. लोकांच्या पावलांनी घट्ट झालेली माती वादळाने सैल केली होती. मुळांना हवा मिळाली.

आपणही मुंबई-कोकणातून असेच उचलले गेलो. पहिल्या हिवाळ्यात, भाड्याच्या गार खोलीत शब्बाथचे दिवे लावताना, आपल्याला टेकू देणारे काहीजण आज समोरच बसले आहेत.