पाळण्यातले पाय आणि कागदावरचा ठोकळा



मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी कोण टिकेल आणि कोण गळेल, हेही प्रवेशाच्या दिवशीच सांगणारे गृहस्थ गावोगाव आहेत. कोणी गणिताचे गुण पाहतो. कोणी मुलगी आहे, एवढेच पाहतो! म्हणूनच अमेरिकेतील एका भाकिताची हकीकत आज आपणापुढे ठेवावीशी वाटते.

मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत १९९३ साली ५३५ नवागतांची एक परीक्षा घेण्यात आली. प्रश्न तीस. कागदावर एक ठोकळा रेखाटलेला. तो अमुक रीतीने फिरविल्यास कसा दिसेल, एवढेच ओळखावयाचे. सूत्र नाही, आकडेमोड नाही. परंतु ही दृष्टी नसेल तर पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग हमखास अडते. शेकडा साठ वा त्याहून कमी गुणांचे ९६ जण निघाले. मुलांत हे प्रमाण शेकडा १२, तर मुलींत ३९.

गोष्ट येथेच संपती तर 'मुलींचे हे काम नव्हे' म्हणणारांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले असते. परंतु परीक्षा घेणाऱ्या प्राध्यापिका शेरिल सॉर्बी या स्वतःच विद्यार्थिदशेत ड्रॉइंगपुढे हतबल झालेल्या होत्या. त्यांनी व बेव्हर्ली बार्टमन्स यांनी मुलांचे पूर्वायुष्यही विचारले. लहानपणी जोडणीची खेळणी हाताळली होती का? शाळेत यांत्रिक ड्रॉइंग शिकला होता का? या गोष्टींचा गुणांशी संबंध दिसून आला. उपजत वाटणाऱ्या बुद्धीत सवयीचा वाटा केवढा, पाहा!

मग त्या ९६ पैकी २४ जण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून त्यांना दहा आठवडे शिकविण्यात आले : ठोकळे रचणे, फिरविणे, हाताने रेखाटणे. त्यांची सरासरी शेकडा ५२ वरून ८२ वर गेली. आणि पुढे ड्रॉइंगमध्येही ते मागे राहिलेल्यांहून सरस ठरले. नंतरची काही वर्षे हा वर्ग ऐच्छिक होता. तेव्हा आपण होऊन येणारी मुले मुळातच उद्योगी असतील, ही शंका रास्त आहे. पहिल्या निवडीला मात्र ती लागू पडत नाही. २००९ पासून नापासांस तो वर्ग सक्तीचा झाला.

बटाटे कापून केलेले काही ठोकळे मी येथे आणले आहेत. सभा संपल्यावर पालकांनी आणि मुलींनीही पुढे यावे, एकेक उचलावा, आणि वरून, समोरून व बाजूने तो कसा दिसतो, ते कागदावर काढून पाहावे.